थळघाटाच्या पायथ्याची कचेरी

महाराष्ट्रात आज साडेतीनशेंहून अधिक तालुके आहेत आणि त्या प्रत्येकाचे एक मुख्य गाव आहे. परंतु आपल्या इतिहासलेखनात राजधान्यांना, तीर्थक्षेत्रांना आणि गडकोटांना जे स्थान लाभले, त्याचा शतांशही या तालुक्याच्या गावांच्या वाट्यास आलेला नाही. वस्तुतः सामान्य रयतेला पिढ्यानपिढ्या राजसत्तेचे जे काही दर्शन घडले ते दिल्लीत किंवा पुण्यात घडले नाही. शेतसाऱ्याचा हप्ता जिथे भरावयाचा, बाप वारल्यावर वारसाची नोंद जिथे करावयाची, चोरीची वर्दी जिथे द्यावयाची आणि दुष्काळात तगाईचा अर्ज घेऊन जिथे तिष्ठत बसावयाचे, त्या मामलेदाराच्या कचेरीतच ते घडले. ठाणे जिल्ह्यातील शहापूर हे असे कचेरीचे गाव आहे. त्याच्या पश्चिमेस माहुलीचा किल्ला आहे, पूर्वेस सह्याद्रीची भिंत आहे, उशाशी थळघाट आहे, एका अंगास तानसा आणि दुसऱ्या अंगास भातसा ही दोन मोठी धरणे आहेत. आणि या सर्वांची कीर्ती दूरवर पोहोचली असली तरी त्यांच्या मधोमध वसलेले हे गाव मात्र नाशिकला जाणाऱ्या प्रवाशाने खिडकीतून पाहिले न पाहिले करून मागे टाकावयाचे, अशीच रीत पडून गेली आहे. तरीही किल्ल्याखालची शेते असोत, घाटातला लोहमार्ग असो, राखीव झालेले रान असो की धरणात बुडालेली खाचरे असोत, त्यांतील प्रत्येकाचा कागद याच गावच्या दप्तरात उतरला. म्हणून शहापूरचा इतिहास सांगावयाचा तर तो गावच्या वेशीच्या आत राहून सांगता येत नाही. भोवतालचा मुलूख आणि गावातली कचेरी यांच्यातील देवघेवीचा तो इतिहास आहे.

या मुलखाचे भूमिस्वरूप आधी ध्यानात घेतले पाहिजे. कल्याणहून ईशान्येस निघालेला मार्ग सपाटीवरून हळूहळू चढत वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी अशी मजल करीत कसाऱ्याला येतो आणि तेथून थळघाट चढून इगतपुरीच्या पठारावर जातो. कोकणातून देशावर जाण्याचे जे थोडे सुलभ मार्ग सह्याद्रीने मनुष्याला दिले, त्यांत या घाटाचे स्थान फार वरचे आहे. पुढे मुंबई-आग्रा रस्ता म्हणून नावारूपास आलेली वाट याच घाटाने जाते. दक्षिणेकडे मुरबाडच्या बाजूने दुसरी प्राचीन वाट आहे. ती नाणेघाटाने जुन्नरला चढते, आणि त्या घाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा सुप्रसिद्ध शिलालेख आहे. या दोन वाटांच्या दरम्यानचा प्रदेश डोंगराळ, दाट झाडीचा आणि विरळ वस्तीचा. महादेव कोळी, मल्हार कोळी, ठाकूर, कातकरी, वारली आणि कुणबी हे येथील मूळचे रहिवासी. आणि कोळ्यांच्या प्राबल्यामुळे जव्हार-मोखाड्यापासून इकडच्या या सगळ्या रानपट्ट्याला जुन्या काळी कोळवण असे म्हणत. आटगावजवळ एका जुन्या मंदिराचे कोरीव अवशेष आहेत. ते पाहिले म्हणजे हा मुलूख रानटी होता, ही नंतरच्या अंमलदारांनी रूढ केलेली समजूत किती उथळ आहे हे कळून येते.

राजकीय इतिहासात या प्रदेशाचे नाव ठळकपणे येते ते माहुलीमुळे. माहुली, भंडारगड आणि पळसगड या तीन शिखरांचा मिळून झालेला हा दुर्ग समुद्रसपाटीपासून २८१५ फूट उंच आहे आणि त्याच्या माथ्यावरून थळघाटाकडे जाणारी सारी वाट नजरेच्या टप्प्यात राहते. निजामशाही मोगलांच्या आघाताने कोसळत असता तिचा एक अल्पवयीन वारस गादीवर बसवून शहाजीराजांनी ती काही काळ सावरून धरली, त्या धाडसी प्रयत्नाचा शेवट याच गडावर झाला. १६३६ साली मोगलांच्या बाजूने खानजमान आणि विजापूरच्या बाजूने रणदुल्लाखान अशा दोन फौजांनी माहुलीस वेढा घातला. शहाजीराजांनी तो बरेच दिवस लढवला, आणि अखेर त्या बालराजास मोगलांच्या स्वाधीन करून व स्वतः आदिलशाहीची चाकरी पत्करून त्यांना गड खाली करावा लागला. दीडशे वर्षे नांदलेले एक राज्य येथे संपले.

शिवाजीमहाराजांनी १६५७च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी घेतली आणि लगोलग ८ जानेवारी १६५८ रोजी माहुली हस्तगत केली. १६६५च्या पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत माहुलीचा समावेश होता. तह मोडल्यावर १६७०च्या फेब्रुवारीत महाराजांनी गडावर रात्रीचा हल्ला चढवला, तेव्हा मनोहरदास गौड हा राजपूत किल्लेदार सावध होता आणि मराठ्यांची हजाराच्या घरातील माणसे त्या एका रात्रीत पडली. एवढा विजय मिळवूनही या मनोहरदासाने, पुरेशी शिबंदी व रसद नसता गड टिकणार नाही हे ओळखून, किल्लेदारीचा राजीनामा दिला. त्याच्या जागी अलिवर्दी बेग आला आणि १६ जून १६७० रोजी मोरोपंत पिंगळ्यांनी गड जिंकला. मला या प्रकरणात मोरोपंतांच्या पराक्रमाइतकीच मनोहरदासाची दूरदृष्टीही आदरणीय वाटते. गडावरून खाली पाहिले असता त्याला जे दिसले असेल ते असे की, या डोंगरांत दाणागोटा पुरवणारे गाव ज्याच्या बाजूचे, त्याचाच शेवटी गड.

मराठी अमदानीत हा प्रदेश कल्याण प्रांताच्या हिशेबात मोडे. पुढे १३ जून १८१७ रोजी दुसऱ्या बाजीराव पेशव्याने इंग्रजांशी पुण्याचा जो तह केला, त्याने उत्तर कोकण कंपनीकडे गेले आणि माहुलीही गेली. गड आता नुसता डोंगर उरला. कंपनी सरकारने प्रथम उत्तर कोकण म्हणून जिल्हा बनवला, १८३३पासून त्याला ठाणे हे नाव पडले. परंतु कागदावर अंमल बसणे वेगळे आणि डोंगरात बसणे वेगळे. अकोल्याकडील देवगावचा राघोजी भांगरे याने सावकार आणि सरकार या दोहोंविरुद्ध जे बंड पुकारले, त्याच्या हालचाली सह्याद्रीच्या या घाटवाटांतूनच चालत. त्याला पकडून २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्या बंडाच्या मुळाशी कर्जाचा आणि जमिनीचा कागद होता, ही गोष्ट या लेखाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. ज्या लोकांची वहिवाट तोवर स्मरणावर आणि पंचांच्या शब्दावर चालत आली होती, त्यांना आता शिक्क्यामोर्तबाच्या दुनियेत उभे राहावयाचे होते.

त्या दुनियेचे येथील ठिकाण म्हणजे शहापूरची कचेरी. १८८२ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाणे जिल्ह्यावरील खंड प्रसिद्ध झाले, तेव्हा शहापूर हा एक विस्तीर्ण तालुका असून मोखाड्याचा पेटा त्याच्या पोटात होता. मामलेदार हा या राज्याचा स्थानिक धनी. त्याच्या हाताखाली शिरस्तेदार, अव्वल कारकून, खजिन्याचा कारकून, खेड्यापाड्यांत पाटील आणि तलाठी, पेट्यावर महालकरी, आणि थंडीच्या दिवसांत तंबू घेऊन फिरतीवर येणारा प्रांतसाहेब. १८७९च्या जमीनमहसुलाच्या कायद्याने या सर्व यंत्रणेस एक पक्की चौकट दिली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी हक्कनोंदणीचे पत्रक आले, ज्यातून आज सर्वांच्या तोंडी असलेला सातबारा सिद्ध झाला.

हा सातबारा एकदा निवांतपणे वाचावा. वरच्या भागात, म्हणजे गावनमुना सातमध्ये, भूमापन क्रमांक, भोगवटादाराचे नाव, क्षेत्र, आकार, पोटखराबा, कुळाचे नाव आणि इतर हक्क. खालच्या भागात, म्हणजे नमुना बारामध्ये, कोणत्या साली कोणते पीक घेतले त्याची नोंद. शहापूर-मुरबाडकडील उताऱ्यावर भात, नाचणी, वरई ही नावे येतात, उतारावरच्या हलक्या जमिनीस वरकस म्हणतात, आणि पुष्कळदा उत्पन्नाच्या जमिनीपेक्षा पोटखराब्याचा आकडा मोठा असतो. इतर हक्क या रकान्यात सोसायटीचे कर्ज, बहिणीचा हिस्सा, विहिरीवरचा हक्क, संपादनाचा शेरा, असे एका कुटुंबाचे सगळे सुखदुःख दोन-चार शब्दांत येऊन बसते. एखाद्या घराण्याची बखर कोणी लिहून ठेवली नसेल, पण फेरफाराच्या नोंदी ओळीने लावल्या तर ती आपोआप उलगडत जाते.

कचेरीभोवती गाव वाढले. कागद आला म्हणजे तो लिहिणारा आला, मुद्रांक विकणारा आला, वकील आला. तारखेस आलेल्या माणसाला बसावयास जागा आणि खावयास भाकरी हवी म्हणून खाणावळ आली, परतताना मीठ, मिरची, कापड न्यावयाचे म्हणून दुकाने आली. डोळखांब, किन्हवली, शेणवे, साकडबाव, खर्डी अशा दूरदूरच्या ठिकाणांहून माणसे पहाटे पायी निघत आणि कारकुनाची गाठ न पडल्यास दुसऱ्या खेपेचा हिशेब मनात करीत माघारी जात. ज्याला अक्षरओळख नाही त्याच्या डाव्या अंगठ्यास शाई लागे, आणि त्या ठशाखाली काय लिहिले आहे हे तो लिहिणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर सोपवून देई. तालुक्याच्या गावातील प्रामाणिक अर्जलेखक हा माझ्या मते समाजाचा फार मोठा उपकारकर्ता; दुर्दैवाने त्याची नोंद कोणत्याच नमुन्यात होत नाही.

लोहमार्ग आला तो याच इंग्रजी अमदानीत, आणि त्याने गावाला थोडा वळसा घातला. मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली हे सर्वांस ठाऊक आहे. पुढे कल्याण १८५४मध्ये, वासिंद १८५५मध्ये, आसनगाव १८६०मध्ये आणि कसारा १८६१मध्ये जोडले गेले, आणि घाटाचे अतिशय बिकट काम पुरे होऊन १८६५च्या आरंभी गाडी इगतपुरीस पोहोचली. सदतीस फुटांस एक फूट असा त्या घाटाचा चढ आहे, आणि आजही गाड्यांना मागून ढकलावयास जादा इंजिने लावावी लागतात. वासिंदहून आसनगावच्या थोडक्या अंतरास चार वर्षांहून अधिक काळ लागला, यावरून वाटेतले नदीनाले आणि पावसाळे यांनी काय परीक्षा पाहिली असेल याची कल्पना यावी. स्थानक शहापुरात झाले नाही, दोन-तीन किलोमीटरांवरच्या आसनगावात झाले. त्यामुळे शहापूरचा माणूस आजतागायत आधी आसनगाव गाठतो आणि मग कसारा लोकल धरतो. मुंबईपासून लोहमार्गाने सुमारे ८७ किलोमीटरांवरचे हे स्थानक गेल्या दोन-तीन दशकांत चाकरमान्यांचे झाले आहे, आणि त्याच्या आसपास उठलेल्या इमारतींनी शहापूरची जुनी हद्द पार पुसट करून टाकली आहे.

शेजारच्या मुरबाडची कथा याहून निराळी झाली. तेही तालुक्याचे गाव, तेही एका मोठ्या घाटवाटेवरचे, म्हशाच्या यात्रेमुळे आणि तिथे भरणाऱ्या बैलबाजारामुळे दूरवर नाव असलेले. परंतु रेल्वे तिकडे गेली नाही, आणि कल्याण-मुरबाड लोहमार्गाची मागणी पिढ्यानपिढ्या होत असूनही तिथे अद्याप गाडी पोहोचलेली नाही. त्याच तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना पोलिसांच्या गोळीबारात वीरमरण आले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईस वीज नेणारे मनोरे पाडण्याचा मार्ग पत्करला होता. या डोंगरांतून मुंबईकडे काय काय वाहत जाते, हे त्या तरुणांना नीट उमगले होते.

इंग्रजी अमदानीत या तालुक्यातील माणसाच्या जिवाला जो प्रश्न सर्वांत अधिक झोंबला तो जंगलाचा. आणि तो समजावयाचा तर राब म्हणजे काय हे समजले पाहिजे. सह्याद्रीच्या पायथ्याची जमीन धुपलेली, पाऊस अडीच हजार मिलिमीटरांच्या घरात, आणि पीक लावणीच्या भाताचे. भाताचे रोप ज्या तुकड्यात तयार करावयाचे तो तुकडा येथील शेतकरी उन्हाळ्यात भाजून काढतो. पौष-माघात ऐन-किंजळासारख्या झाडांची कोवळी डहाळी, म्हणजे कवळ, तोडून तिचे भारे वाळत ठेवावयाचे. मग राबाच्या जागेवर तळाशी शेणाचा थर, त्यावर कवळ, त्यावर गवत आणि पातेरा, आणि सर्वांत वर ढेकळे फोडून केलेली बारीक माती पसरावयाची. वारा पडलेला पाहून एका कडेने विस्तव लावावयाचा. मातीच्या पांघरुणामुळे ज्वाळा उठत नाही, आग दबून दबून तळापर्यंत पोहोचते, तणाचे बी आणि किडीची अंडी जळून जातात, आणि राखेने काळीभोर झालेली ती भुई पहिल्या पावसाची वाट पाहत पडून राहते. मृगात पेरा झाला की तीनएक आठवड्यांत आवण उपटावयास येते आणि चिखल केलेल्या खाचरात लावणी सुरू होते. यातली एक पायरी चुकली तर वर्षभराचा भात बुडतो.

ही कवळ रानातून येई. १८७८च्या कायद्याने ठाणे जिल्ह्यातील विस्तीर्ण रान राखीव झाले, साग आणि खैर यांच्या किमती सरकारने ओळखल्या, आणि पिढ्यानपिढ्यांची डहाळी तोडण्याची वहिवाट एका हुकुमासरशी अपराध ठरली. नांगराचे लाकूड, घराचा वासा, जळणाची मोळी, गुरांची चराई, मोहाची फुले, प्रत्येकास परवाना, प्रत्येकास दंड. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतका असंतोष उसळला की सरकारला १८८५ साली चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७मध्ये बाहेर आला, आणि राबाचा प्रश्न हा त्या चौकशीचा गाभाच होता. काही सवलती मिळाल्या, परंतु जंगलखाते आणि शेतकरी यांच्यामधील अविश्वास जो एकदा रुजला तो रुजलाच. रानातल्या तुकड्यांवर एकसाली कराराने नाचणी-वरई पिकवणारी कुटुंबे दरसाल परवानगीसाठी आणि पुढे दरसाल दंडासाठी सरकारी दारात येत राहिली.

२००६ साली संसदेने वनहक्कांचा कायदा केला आणि १३ डिसेंबर २००५पूर्वीचा ताबा सिद्ध करणाऱ्या आदिवासी कुटुंबास कसत्या वनजमिनीवरील हक्क देण्याचे ठरले. आता पुरावा कुठून आणावयाचा? ठाणे जिल्ह्यातील अनेक दावेदारांनी आपल्या बापजाद्यांनी पत्र्याच्या पेटीत, कुडाच्या भिंतीत खोचून जपून ठेवलेल्या दंडाच्या पावत्या बाहेर काढल्या. ज्या पावतीने आजोबास गुन्हेगार ठरवले होते, तिनेच नातवाचा ताबा शाबीत केला. एवढ्याशा कागदाने न्यायाची बाजू बदलल्याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही. दावे ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे आणि तेथून जिल्ह्याकडे जातात. शहापुरात एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, त्याच्याशीही पाड्यापाड्यातील माणसांचा नित्याचा संबंध येतो.

रानाच्या पाठोपाठ पाणी. मुंबईस विहार आणि तुळशी हे तलाव अपुरे पडू लागले तेव्हा अभियंत्यांची दृष्टी शहापूरच्या खोऱ्याकडे वळली, आणि तानसा नदीवर पावणेतीन किलोमीटरांहून अधिक लांबीचे दगडी धरण बांधून १८९२ साली तिचे पाणी मुंबईच्या नळांत सोडण्यात आले. धरणाची उंची पुढे टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली. त्यानंतर वैतरणेवर १९५७च्या सुमारास मोडकसागर झाला, ज्यास मुंबई महापालिकेचे कर्तबगार अभियंता मोडक यांचे नाव आहे, आणि २०१४ साली मध्य वैतरणा झाले. ही दोन्ही तालुक्याच्या उत्तर सीमेलगत आहेत. या सर्वांहून मोठे धरण मात्र भातसेवर उभे राहिले. मुळात सिंचन हा या प्रकल्पाचा एक प्रमुख हेतू होता. त्याच्या कालव्याने शहापूर, भिवंडी आणि कल्याणकडील शेती भिजावी अशी योजना होती. धरणाची उंची ८८ मीटरांवर आणि लांबी साडेनऊशे मीटरांवर आहे. येथून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत जाते, तिथून उचलून पांजरापूरला शुद्ध होते आणि महानगरास पोहोचते. मुंबईस पाणी देणाऱ्या सात जलाशयांची एकूण उपयुक्त साठवण १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यांपैकी एकट्या भातसाचा वाटा ७,१७,०३७ दशलक्ष लिटर. तानसाचे १,४५,०८० मिळवले तर मुंबईच्या साठ्यातील जवळजवळ ६० टक्के पाणी या एका तालुक्यातील दोन धरणांत साचते.

धरणाच्या कामासाठी बिरवाडीजवळ जी वसाहत झाली ती भातसानगर. भारतात धरणांबरोबर अशी कितीतरी नगरे जन्मास आली; अभियंते, मिस्त्री, यंत्रचालक, कारकून राज्याच्या कानाकोपऱ्यातून तिथे येऊन राहिले, त्यांची मुले तिथल्या शाळेत शिकली, आणि काम सरताच बदलीचे हुकूम येऊन शेजार पांगला. शहापूरच्या मानाने भातसानगर अगदी अर्वाचीन. पण त्या वसाहतीच्या आधी त्या खोऱ्यात जी गावे आणि जे पाडे होते, त्यांची खाचरे, त्यांचे राब, त्यांच्या देवांची ठाणी जलाशयाखाली गेली; त्या माणसांचा इतिहास भूसंपादनाच्या निवाड्यांत, मोबदल्याच्या पावत्यांत आणि पर्यायी जमिनीच्या अर्जांत विखुरलेला आहे. पुनर्वसन हा शब्द आज जितक्या सहजतेने उच्चारला जातो तितकी त्याची व्यवस्था त्या काळी सिद्ध नव्हती, आणि विस्थापितांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीस दाखल्यासाठी हेलपाटे घालावे लागावेत ही गोष्ट मला अत्यंत क्लेशकारक वाटते.

आणि तरीही चैत्र लागला की तालुक्यातील कसारा, खर्डी, डोळखांबकडील पाड्यांवर टँकर धावू लागतात. याचे कारण दैवात नाही, भूगर्भात आणि व्यवस्थेत आहे. काळ्या पाषाणाच्या या प्रदेशात पाऊस पुष्कळ पडला तरी तो मुरत नाही, उतारावरून चार महिन्यांत वाहून जातो. विहिरी माघ-फाल्गुनातच तळ दाखवतात. आणि धरणे खोऱ्याच्या तळाशी, तर पाडे डोंगराच्या सोंडेवर, त्यामुळे पाणी उचलावयाचे तर विजेचा आणि देखभालीचा खर्च छोट्या ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेर जातो. म्हणून घाटमाथ्यावरील भावली धरणातून केवळ उताराच्या जोरावर पाणी खाली आणून तालुक्यातील जवळपास शंभर गावे आणि अडीचशेंवर पाडे यांची तहान भागवावी, अशी योजना हाती घेण्यात आली आहे. ती मुंबईच्या जलवाहिन्यांइतक्याच तातडीने पुरी व्हावयास हवी. ज्या बाईच्या डोक्यावर दोन हंडे आहेत तिला समोरच्या खोऱ्यात भातसेचे निळे पाणी स्पष्ट दिसत असते.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात कचेरीचे स्वरूप पालटले. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवून कसणाऱ्या कुळास मालक मानले, आणि त्या सुमारास तालुक्यातालुक्यांतून जी कुळप्रकरणे चालली त्यांनी खोत-सावकारांच्या आणि कुळांच्या नात्याचा सगळा साचाच बदलून टाकला. १९६२च्या महाराष्ट्रदिनी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या; मामलेदाराचा तहसीलदार झाला, वंशपरंपरागत मुलकी पाटील गेला, आणि शाळा, दवाखाना, बी-बियाणे यांसाठी येणाऱ्या माणसाला कचेरीखेरीज आणखी एक दार मिळाले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाण्याकडे सातच तालुके उरले आणि त्यांत शहापूर विस्ताराने सर्वांत मोठा ठरला. पुढे तालुक्यांच्या मुख्य गावांना नगरपंचायती देण्याच्या धोरणानुसार शहापूर व मुरबाड या दोन्ही ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या.

नव्या काळातील सर्वांत मोठा कागद आला तो समृद्धी महामार्गाचा. नागपूरहून ७०१ किलोमीटर येणाऱ्या या रस्त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा याच तालुक्यातून गेला. तो ५ जून २०२५ रोजी खुला झाला. कसाऱ्याचा डोंगर त्याने सुमारे ८ किलोमीटरांच्या बोगद्याने भेदला, म्हणजे ज्या घाटाने या मुलखाला इतिहास दिला तो घाटच आता प्रवाशाला दिसेनासा झाला. याच कामावर सरळांबे येथे १ ऑगस्ट २०२३च्या मध्यरात्रीनंतर तुळई उचलणारे अवजड यंत्र कोसळून २० कामगार मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुतेक परप्रांतांतून पोटासाठी आलेले होते, आणि थळघाटाच्या लोहमार्गावर दीडशे वर्षांपूर्वी खपलेल्या मजुरांप्रमाणेच त्यांचीही नावे प्रवाशांना कधी कळणार नाहीत. जमिनीच्या खरेदीखतांनी अनेक घरांत एकदम मोठी रक्कम आली. कुठे तिचे पक्के घर झाले, कुठे भावाभावांत दिवाणी दावा उभा राहिला.

मोडीतले जुने दप्तर आपल्या राज्यात फारसे कोणी उघडत नसे. २०२३च्या अखेरीस, मराठा समाजातील कुणबी नोंदी तपासण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी राज्यभरच्या तहसील कचेऱ्यांत १९६७पूर्वीच्या कुणबी नोंदी शोधण्याचा हुकूम निघाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. जन्ममृत्यूच्या वह्या, जुनी हक्कनोंदणीची पत्रके, शाळांचे दाखले यांच्यावरची धूळ झटकली गेली. शोध जातीच्या नोंदीपुरता होता, परंतु त्याच पानांवर पिके आहेत, रोगराईची साले आहेत, बुडालेल्या पाड्यांची नावे आहेत, दंड आहेत आणि अंगठे आहेत. शहापूर-मुरबाडच्या शाळा-महाविद्यालयांतील इतिहासाच्या शिक्षकांनी मोडी शिकून आणि तहसीलदारांची रीतसर परवानगी काढून या पानांची गाववार यादी करावी. कामाचा आरंभ भातसाखाली गेलेल्या गावांपासून करावा, कारण तिथल्या जमिनीवर जन्मलेली आणि तिच्या बांधांची नावे सांगू शकणारी माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत.